प्लेटोची तोंडी शिकवण आणि माझी मेथी

आमचे हे, श्यामसुंदर, तेहतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण एक पान लिहून ठेवलं नाही. कारण काय, तर प्लेटोनं आपली खरी शिकवण लिहिली नाही, जवळच्या शिष्यांना तोंडीच सांगितली. त्या शिकवणीचा माग काढण्यात यांचा जन्म गेला, आणि माझाही. महाराजपुरच्या आमच्या घरात रोज सकाळी मी भाजी निवडते आणि हे समोर बसून तेच सांगतात. शंभरदा म्हटलं, वहीत उतरवा. ऐकतील तर शपथ.

गेल्या वर्षापासून हे विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं. मला धास्ती बसली, की एवढं सगळं यांच्याबरोबरच जाणार. पुण्याहून चिन्मयी, आमची मुलगी, म्हणाली, बाबांचं बोलणं रेकॉर्ड कर. मी फोन समोर धरला, तर हे तोंड मिटून बसले.

यंदा गणपतीत मंडळानं दुपारी यांचं व्याख्यान ठेवलं. यांनी विषय दिला, ‘चांगलं म्हणजे काय?’ मंडळाच्या अवंतिकाबाईंनी फळ्यावर त्याखाली ‘आरोग्य व सुखी जीवन’ असं आपल्या मनानं जोडलं. हॉल भरला. एक गृहस्थ तर शुगरचा रिपोर्ट घेऊन आले होते. यांनी सुरुवात केली आकड्यांपासून. महाप्रसादाच्या मसालेभाताचा वास आला तसे निम्मे लोक उठले. प्लेटोच्या व्याख्यानातूनही लोक असेच उठून गेले होते म्हणे. हे ते कौतुकानं सांगायचे. माझा मात्र जळफळाट होत होता.

“सगळ्याच्या मुळाशी दोन गोष्टी,” हे म्हणाले, आणि अडले. हातात कागद नाहीच. माझ्याकडे बघत राहिले.

मला इतका राग आला, की बसल्या जागेवरूनच बोलले, “काहून थांबले? पहिलं म्हणजे एक. दुसरं कमी-जास्त, त्याले अंतच नाही. मीठ कितीही कमी होते, कितीही जास्त होते. बेताचं एकच. ते बेताचं साधलं की वस्तू वस्तू होते, आणि तेच चांगलं. रोज तेच तर सांगून राहिले ना तुम्ही.”

“तू लिहून ठेवलं होतं काय?” यांनी विचारलं.

“नाही.”

हे खुर्चीत बसले. “मग पुढचं तूच सांग.”

मी सांगितलं. मला सगळं येत होतं.

आता रोज सकाळी भाजी हे निवडतात आणि मी सांगते. मेथीत काड्या तशाच ठेवतात.