शकुताईचं खातं

पवईच्या त्या काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर हेल्प डेस्कची एक खुर्ची रिकामी होती आणि शकुताईला ती हवी होती.

चौदा वर्षं ती त्याच कंपनीच्या पँट्रीत चहा करत होती, कंत्राटदाराच्या माणसांपैकी एक म्हणून. आता मजल्यामजल्यावर चहाची मशिनं बसली होती. महिनाअखेरीस पँट्री बंद होणार आणि बायकांना कंत्राटदार पनवेलच्या पुढे कुठल्याशा गोदामात पाठवणार, असं ठरलं होतं. घाटकोपरच्या भटवाडीतून रोज तिथवर जायचं आणि घरी म्हाताऱ्या सासऱ्यांचं पथ्यपाणी बघायचं, हे होण्यातलं नव्हतं.

"हेल्प डेस्कला इंग्लिश लागतं गं," पँट्रीतली राधा कप विसळत म्हणाली. "तू दहावी, ती पण गणितात लटकलेली."

"गणित कोण विचारतंय? कुठलं काम कुठल्या डिपार्टमेंटचं, एवढंच सांगायचंय."

"आणि ते तुला येतं?"

"येतं."

"वा, इंग्लिश मॅडम! मग आम्हाला पण वशिला लाव ना."

येतं, हे खरं होतं. पण ती शिकली कशी, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. या ऑफिसात भिंती नव्हत्या. एक खातं कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं, ते डोळ्यांना दिसत नसे. सगळीकडे सारखीच टेबलं, सारखेच वाकलेले खांदे. नोकरी लागली त्या वर्षी प्रोक्युअरमेंट, कम्प्लायन्स, पेरोल, फॅसिलिटीज हे शब्द तिच्या कानांवरून पाण्यासारखे वाहून जायचे. मग एका संध्याकाळी तिनं नानांना विचारलं. नाना म्हणजे तिचे सासरे. परळच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आयुष्य घालवलेले. गिरणी गेली, नंतर घर भटवाडीत आलं, पण नानांच्या बोलण्यात गिरणी अजून चालू होती.

"खात्याचा नाव पाठ करू नको गो," ते म्हणाले होते. "थंय काय मोडता ता बघ. मोडला की कोणाक हाक मारतत, ता बघ. मगे नाव आपसूक येयत."

तिनं तेच केलं. ट्रे हातात घेऊन ती मोडतोड ऐकत गेली. पगारातून भलतीच रक्कम कापली गेली की माणसं पेरोलच्या टेबलांपुढे उभी राहत. खुर्ची यायला दोन महिने लागले की प्रोक्युअरमेंटच्या नावानं बोटं मोडत. सगळे अचानक हळू आवाजात बोलायला लागले की समजावं, नियम तपासणारे कम्प्लायन्सवाले खाली आलेत. असा एकेक शब्द तिच्यापाशी आला, आणि आला तो माणसांसकट आला.

अॅडमिनचा मॅनेजर अनिरुद्ध तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता. तिनं विचारल्यावर त्यानं तिला चाचणी म्हणून एक सकाळ दिली. "शकुताई, दहा ते एक बसा. बाजूला एचआरच्या निधी मॅडम लिहून घेतील. एकच नियम लक्षात ठेवा. काहीही झालं तरी डेस्क सोडायचं नाही."

दहा वाजता फोन वाजला. "हेल्प डेस्क, गुड मॉर्निंग." आवाज स्वतःचाच, पण धुवून इस्त्री केलेला.

सौरभ नावाचा कुणी नवा इंजिनिअर होता. कार्डानं दार उघडत नव्हतं. समोरच्या तक्त्यात लिहिलं होतं, कार्ड म्हणजे सिक्युरिटी. तक्ता बाजूला सारून तिनं विचारलं, "जॉइन कधी झालात सर?"

"सोमवारी."

"जॉइनिंगच्या सगळ्या पानांवर सह्या केल्यात?"

"एक पान राहिलंय बहुतेक."

"मग सिक्युरिटीकडे जाऊ नका, ते परत पाठवतील. आधी एचआर." निधीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली.

साडेबारापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग पेरोलमधून अनुपमाचा फोन आला, जवळजवळ ओरडतच. "छतातून पाणी गळतंय! कॉम्प्युटरवर पडतंय!"

गळती म्हणजे फॅसिलिटीज. शकुताईनं फोन जोडला. कुणी उचलला नाही. पुन्हा जोडला. उचलणारा म्हणाला, "तिकीट टाका, चार तासांत माणूस येईल." तिच्या डोळ्यांसमोर पेरोलच्या वरचा मजला आला. तिथे चहाचं मशीन बसवलं होतं, त्याची नळी नवी होती आणि तिचा व्हॉल्व्ह फक्त फॅसिलिटीजच्या प्लंबरला, नंदकिशोरला, माहीत होता. नंदकिशोर या वेळी तळघरात डबा खात असणार.

ती उठली.

गिरणीत साचा बंद पडला की कामगार जॉबरला, म्हणजे मुकादमाला, नुसता निरोप धाडत नसे. जाऊन त्याच्या पुढ्यात उभा राही, तो हलेपर्यंत. नानांच्या तोंडून हे शंभरदा ऐकलेलं. ती तळघरात गेली आणि नंदकिशोरच्या डब्यासमोर उभी राहिली. "ऊठ रे, पेरोल बुडतंय."

"घास तरी गिळू दे, शकुताई!"

"जिन्यात गिळ."

दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा खुर्चीशी अनिरुद्ध उभा होता आणि फोन वाजून वाजून गप्प झाला होता.

"एकच नियम सांगितला होता."

"हो सर. मोडला." पनवेलचा तो लांबचा रस्ता क्षणभर तिला दिसलाच. पण मान खाली गेली नाही. "पाणी बंद झालंय. फोनवरून डिपार्टमेंटचं नाव पोचतं सर, माणूस पोचत नाही. उद्या असं झालं तर मी उद्यापण उठेन. ते आधीच सांगून ठेवते."

अनिरुद्ध काही बोलणार, तोच निधीनं तिचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "सव्वीस फोन. एकही परत आला नाही."

तो कागदाकडे बघत राहिला. या डेस्कवरून गेलेले निम्मे फोन रोज परत यायचे. हे आमचं नाही, दुसरीकडे विचारा. तीन मुलं ठेवून झाली, तिघांचंही इंग्लिश झकास होतं.

"तुम्ही उठणारच," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मग फोन बरोबर घेऊन उठा. वायरलेस सेट मागवतो. प्रोक्युअरमेंटला सांगायला लागेल."

"त्यांना दोन महिने लागतील, सर. आयटी सपोर्टच्या कपाटात दोन पडून आहेत. मागच्या दिवाळीपासून."

निधी मोठ्यानं हसली. अनिरुद्धलाही हसू आवरलं नाही.

एक तारखेला तिला नवं कार्ड मिळालं. जुन्या कार्डावर नाव होतं आणि त्याखाली कंत्राटदार. डिपार्टमेंटच्या जागी आडवी रेघ. सगळ्यांची खाती तोंडपाठ असलेल्या बाईला स्वतःचं खातं नव्हतं. चौदा वर्षं ती रेघ गळ्यात घालून ती हिंडली होती.

घरी आल्यावर तिनं चपला काढायच्या आधी कार्ड नानांच्या हातात दिलं. त्यांनी ते ट्यूबलाइटखाली धरलं, लांब केलं, जवळ आणलं.

"माका नाय दिसणा. खाता खयचा तुजा?"

"सपोर्ट सर्व्हिसेस," ती म्हणाली. एकेक अक्षर सावकाश, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मोडला की तुकाच हाक मारतले?"

"मलाच."

नानांनी कार्ड सदऱ्याला पुसलं आणि परत दिलं. "मगे उद्या येळेर जा," ते म्हणाले. "साचो थांबूक नये."