वर हे, खाली मी, मधे गळकी खिडकी

लोकांच्या घरात फोटोंचे अल्बम साठतात, आमच्या घरात गळक्या खिडक्यांचे किस्से! नाशिकमध्ये छतात काचेची खिडकी बसवायची फॅशन आली, तिच्यामागून गळती आली आणि गळतीमागून ती शोधून देणारे आम्ही नवराबायको. आमचे हे गच्चीवर पाइप घेऊन, मी खाली टॉर्च घेऊन. आधी खिडकीच्या खालच्या कडेला पाणी मारायचं, मग बाजूंना, सगळ्यात शेवटी वरच्या कडेला. हे वरून ओरडतात, "आलं का?" मी खालून, "कोरडं!" अर्धा संसार या ओरडण्यात गेला. बरं, खिडकी बिचारी सगळं दाखवते. घरातली माणसं मात्र आपण वर काय उद्योग करतो, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत!

*

इंदिरानगरचे एक साहेब. "फ्रेमच डिफेक्टिव्ह आहे," म्हणून दारातच आम्हाला धारेवर धरलं. हे वर गेले आणि तिथूनच विचारलं, "अहो, फ्रेमला हे भोक कुणी पाडलं?"

आकाशकंदिलाची काठी बसवायला साहेबांनी थेट खिडकीच्या फ्रेमलाच ड्रिल मारलं होतं!

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "दिवाळीभर कंदील होता, एक थेंब आला नाही!"

*

गंगापूर रोडच्या एका वहिनींचा भर थंडीत फोन. "बाथरूमची खिडकी गळतेय, आत्ताच्या आत्ता या." पाऊस कधीचा गेलेला. यांनी चारी बाजूंनी पाणी मारलं, मी आपली, "कोरडं! कोरडं!" वहिनींना आमच्याच अकलेची शंका यायला लागली.

तेवढ्यात त्यांचा लेक आंघोळीला गेला. कडक गरम पाण्याचा शॉवर, संपेचना. तो बाहेर आला आणि आम्ही आत डोकावलो, तर वाफ गार काचेला लागून टपटप, टपटप!

वहिनींनी लेकाकडे बघितलं. "म्हणजे खिडकी चांगली आहे. गळका आमचा बंड्याच!"

*

दिंडोरीचे द्राक्षवाले दादा तर ग्रेटच. खिडकी गळते म्हणून त्यांनी बागेचं प्लास्टिक वर अंथरलं आणि तारेनं असं आवळलं, की काचेभोवतीचं रबरच उपटून आलं. थेंबाची धार झाली.

"ताई, बागेवर हेच प्लास्टिक हाय. मण्याला थेंब लागत नाय!"

आमचे हे शांतपणे म्हणाले, "मग दादा, पावसाळ्यात बागेतच झोपा."

दादा खो खो हसले. निघताना गाडीत द्राक्षाची पेटी ठेवली, वर बजावलं, "प्लास्टिकचं कुणाला सांगू नका हां." सांगितलं, काय करणार!

*

नामपूरच्या कांद्याच्या शेठनी फ्रेमची सगळी बारीक भोकं स्वतः बसून सिलिकॉननं बुजवली होती. आत शिरलेलं पाणी बाहेर जायला ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, हे समजावून सांगितलं तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, "आन् मी दुकानदाराशी भांडून आलो, की मला भोकाचा माल दिला!"

*

आणि नाशिक रोडचे काका. रिटायर्ड हेडमास्तर. कॉलनीतले बापये अजून त्यांना बघून गाडी हळू करतात. काकू पडल्या तेव्हापासून अंथरुणावर, आणि पलंगाच्या बरोबर वर छतातली खिडकी.

"पाऊस असो नसो, रोज संध्याकाळी आईच्या पायावर पाणी," त्यांचा मुलगा मंदार वैतागला होता. "आज कारण सापडलं नाही, तर उद्या गवंडी येतोय. स्लॅब टाकून बंद!"

काकू काचेकडे बघत म्हणाल्या, "बाहेरचं तेवढंच दिसतं गं मला."

यांनी सगळ्या कडांना पाणी मारलं, टाकी रिकामी होत आली. कोरडं! मंदारनं गवंड्याला फोन लावायला घेतला. काका उठले. "मग मी झाडांना पाणी घालून येतो," म्हणाले आणि गच्चीवर गेले.

हे पाइप गाडीत ठेवायला गेले. मी टॉर्च पिशवीत घालतेय, तर काकूंनी गादीखालून आकड्याची काठी काढली आणि पडल्यापडल्या खिडकीची छोटी झडप उघडली.

वरून आवाज आला. हेडमास्तर काका कुंड्यांना पाणी घालत लावणी म्हणत होते! बेसूर, पण काय मन लावून! आणि त्यांच्या पाइपचे शिंतोडे झडपेतून थेट काकूंच्या पायावर.

"आई! तू उघडतेस? आणि सांगितलं नाहीस?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल! कुणी ऐकतंय कळलं तर गातील का ते? उद्यापासून बंदच करणार आहेस ना? आज तरी ऐकू दे."

मंदारनं फोन खिशात टाकला.

काका खाली आले, चेहरा पुन्हा हेडमास्तरांचा. "सापडलं का कारण?"

"सापडलं बाबा. कुंड्यांचं पाणी उडतंय आत. राहू दे खिडकी."

"एवढंच ना? मग उद्याच कुंड्या पलीकडच्या कोपऱ्यात हलवतो."

"नको!" काकू, मंदार आणि मी, तिघं एकदम ओरडलो.