ओसाकाची ४,२१६ पानं

दिनांक ५ ऑगस्ट २००६, शनिवार. स्थळ: वाल्डॉर्फ, जर्मनी, आमची बैठकीची खोली. रक्कम: मासिकावर खूण, डाग किंवा दुमड आढळल्यास पानामागे एक युरो. हजर: वरच्या मजल्यावरचे हेर (म्हणजे जर्मनीतले श्रीयुत) वेबर, मी, आणि साक्षीदार म्हणून माझे सासरे अप्पा. (सौ. हजर होती, पण तिने सही करायला नकार दिला. "तुमच्या कागदांत मला गुंतवू नका," म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात इतकं दूरदृष्टीचं वाक्य आमच्या घरात दुसरं बोललं गेलेलं नाही.)

करार होता एका जपानी मासिकाच्या एकतीस अंकांचा. हेर वेबर हायडेलबर्गची बस चालवायचे आणि फावल्या वेळात व्हिडिओ गेमची जुनी जपानी मासिकं जपायचे. जपानी भाषा त्यांना येत नव्हती. मलाही नाही. हे मासिक पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलं होतं, आणि पूर्ण संच फक्त ओसाकातल्या एका गृहस्थांकडे उरला होता. त्यांनी तो हेर वेबरांच्या भरवशावर महिनाभरासाठी धाडला होता. पानं स्कॅन करायची, सीडीवर घालायची आणि युरोपभरच्या चौदा वेड्यांना वाटायची, म्हणजे एखादं घर जळलं तरी मासिक उरेल, अशी योजना. वेबरांकडे स्कॅनर नव्हता. माझ्याकडे होता. शिवाय जिना झाडायची पाळी सहा वर्षांत एकदाही न चुकवल्यामुळे इमारतीत माझी पत होती.

"आल्झो, हेर क्षीरसागर," खोकी टेबलावर ठेवत ते म्हणाले, "या खोलीत कॉफी प्यायची नाही."

"आम्ही चहा पितो."

"तोही प्यायचा नाही."

अंक एकतीस, प्रत्येकी पानं एकशे छत्तीस. एकूण चार हजार दोनशे सोळा. एका वेळी दोन पानं, त्याला चाळीस सेकंद. म्हणजे तेवीस तास पंचवीस मिनिटं. मी वहीत लिहून घेतलं आणि पहिला अंक उघडला.

मुखपृष्ठावर शेवयांची जाहिरात होती. (असेल आवड, म्हटलं.) पहिल्या पानावर आकडा छापला होता १३६. दुसऱ्यावर १३५. तिसऱ्यावर १३४. मी क्षणभर थांबलो आणि मला जपानी माणसाचं मन लख्ख कळलं!

"अप्पा, हे बघा! आपण किती वाचलं ते नाही, अजून किती राहिलंय ते छापलंय!"

अप्पा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "याला म्हणतात शिस्त! आमच्या खात्यात छत्तीस वर्षांत कुणाला सुचलं नाही."

(पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या सादरीकरणाला मी असेच उलटे आकडे घातले. साहेब "गेनाऊ, गेनाऊ!" म्हणजे "अगदी बरोबर!" करत खूश झाले. किती सोसायचं राहिलंय हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.)

पण अनुक्रमणिकेला सुलटे आकडे हवेत. अप्पा म्हणाले, "पान नंबर नसलेल्या फायलीतून पान गळालं तर कुणाला कळायचं? मी घालतो नंबर." आणि त्यांनी साताऱ्याहून आणलेली निळी पेन्सिल काढली.

"करारात खूण नको म्हटलंय, अप्पा."

"हलक्या हाताने लिहीन. साहेबांना खोडता यावं म्हणून आम्ही तसंच लिहायचो."

मी विचार केला. खूण म्हणजे नासधूस. आकडा म्हणजे माहिती. परवानगी दिली! लेखी दिली!

त्यानंतरचे चौदा दिवस मला अजून आठवतात ते एखाद्या दुपारच्या झोपेत पाहिल्यासारखे. ऑगस्टमधली संध्याकाळ तिथे संपता संपत नाही. खिडकीबाहेर चेरीच्या झाडावर ऊन रेंगाळलेलं, आणि खोलीत स्कॅनरची पांढरी पट्टी अक्षर न कळणाऱ्या पानाखालून सावकाश जायची, जणू कुणी कंदील घेऊन एखाद्या झोपलेल्या गावातून चाललंय. ढगांवर बांधलेली शहरं. पाठीवर दिवे लावलेला देवमासा. निळ्या डोंगरांत ठिपक्याएवढं घर, त्याच्या धुराड्यातून ठिपक्याएवढा धूर. जुन्या कागदाचा वास. शेजारी अप्पा आपल्या मराठी आकड्यांत नंबर घालायचे, दिवसाला तीनशे एक, आणि मधेच पेन्सिल धरून नुसतेच बघत बसायचे.

सतराव्या अंकात एका खेळाची चित्रमालिका होती, सोळा पानांची. अप्पांनी तिची गोष्ट लावली. एक पोरगा असतो. राक्षस मरतो, तशी तो तलवार तळ्यात सोडतो. घोडा ज्याचा त्याला परत देतो. दिवा म्हाताऱ्याला परत देतो. पूल ओलांडतो. शेवटच्या पानावर घर, दारात आई, आत अंथरूण घातलेलं.

"भला पोरगा," अप्पा म्हणायचे. "एकाचंही काही ठेवून घेतलं नाही, आणि घरी आला." रोज नंबर घालून झाले की ते पान उघडून पुन्हा बघायचे. सौ. स्वयंपाकघरातून ऐकायची.

शनिवारी, एकोणीस तारखेला, हेर वेबर प्लमचा केक घेऊन आले. (केक त्यांनी नियमाप्रमाणे दाराबाहेर ठेवला.) आत येऊन पाहतात तो अप्पा शेवटच्या अंकाच्या शेवटच्या पानावर १३६ लिहिताहेत.

वेबरांनी वाकून पान पाहिलं.

"हेर क्षीरसागर, हे मासिक उजवीकडून उघडतं."

"छे छे. मुखपृष्ठ इकडे आहे. शेवया!"

"ती मागची जाहिरात आहे. शेवट आहे तो." त्यांनी अंक पालथा केला. पलीकडे भलंमोठं रंगीत चित्र, त्यावर मासिकाचं नाव. मला वाटलं होतं, चांगली चित्रं ते शेवटी राखून ठेवतात! "आणि कोपऱ्यात हे काय आहे?"

"आकडे," मी म्हणालो. "माहिती."

खोलीत चार हजार दोनशे सोळा युरोंची शांतता पसरली.

वेबर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "पैशांचं सोडा. त्या गृहस्थांनी आजवर हा संच कुणालाही दिला नव्हता. मी त्यांना शब्द दिलाय."

मी अप्पांना सगळं मराठीत सांगितलं. आकड्यांचं त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तो पोरगा घरी येत नाही?"

"नाही अप्पा. घरातून निघतो."

"पहिल्याच पानावर?"

"पहिल्याच."

"मग तुमच्यासारखाच की," अप्पा म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

संच एकतीस तारखेला टपालात पडायला हवा होता. बारा दिवस, म्हणजे दिवसाला तीनशे एक्कावन्न पानं खोडायची. मी खोडरबर फिरवलं. १ गेला, त्या जागी निळा ढग आला! दुसरं रबर, मोठा ढग! तेवढ्यात सौ. परातीसकट आली.

"अहो, सरका. घासू नका, टिपा." तिने कोरड्या कणकेचा घट्ट गोळा कोपऱ्यावर दाबला आणि उचलला. आकडा कणकेत, पान स्वच्छ!

"सही न करता मदत करतेयस," मी म्हणालो.

"म्हणूनच जमतंय."

बारा दिवस आम्ही कणीक टिपत होतो: सौ., अप्पा, मी, आणि बस डेपोत लावून आलेले हेर वेबर. साडेचार किलो आटा निळा झाला. जेवणाला पाव. मी चार दिवस रजा काढून सगळं पुन्हा स्कॅन केलं, आणखी तेवीस तास पंचवीस मिनिटं, या वेळी उजवीकडून. पोरगा घरातून निघाला, पूल ओलांडला, दिवा घेतला, घोडा घेतला. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

एकतीस तारखेला खोकं गेलं. सप्टेंबरात अप्पाही साताऱ्याला परत गेले. ऑक्टोबरात ओसाकाहून पत्र आलं. संच उत्तम स्थितीत पोचला, खोक्याला गव्हाचा छान वास येतोय. फक्त सतराव्या अंकात एका पानाच्या कोपऱ्यात दोन छोट्या निळ्या आकृत्या आहेत, त्यांचा अर्थ काय?

मी साताऱ्याला फोन लावला. "अप्पा, एक पान खोडायचं राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलं."

"कोणतं?"

"तो घरी पोचतो ते. कुठेतरी नोंद असू दे." मग म्हणाले, "दिवाळीला येताय ना?"

"रजा संपलीय, अप्पा."

"हं," अप्पा म्हणाले.

ते पान चौदाही सीडींवर तसंच गेलंय. स्वीडनमधल्या एकाने त्या आकृत्या म्हणजे खेळातली गुप्त खूण असल्याचं सोदाहरण सिद्ध केलंय म्हणे.

अखेर चुकती केलेली रक्कम: एक युरो, ओसाकाच्या गृहस्थांना, अंक सतरावा, पान सत्याहत्तर, खूण एक. त्यांनी रीतसर पावती पाठवली. पावतीवर लिहिलं होतं, पान साठ. एवढं सगळं होऊनही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच: बरोबर, अजून साठ राहिलीत!