मालकाचं नाव, पत्ता, फोन

नवरा गेल्यानंतरही त्याला फोन येत राहिले. नातेवाइकांचे नव्हेत, त्यांना बातमी कळली होती. हे अनोळखी लोक होते. आडनावासकट त्याचं पूर्ण नाव घ्यायचे आणि "सरांशी बोलायचंय" म्हणायचे. कुणाला त्याच्या वेबसाइटला नवं रूप द्यायचं होतं, कुणी ती इंटरनेटवरच्या शोधात वर आणून देणार होतं, कुणी ॲप बनवून देणार होतं. आणि हे सगळे फोन यायचे ते सासूबाईंच्या मोबाइलवर.

माझा नवरा शाळेत मराठी शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायचा आणि पनवेल-उरणकडच्या गावांतल्या विहिरींचे फोटो काढत फिरायचा. विमानतळासाठी गावं उठली, रस्ते रुंद झाले, विहिरींवर भराव पडले. बुजण्याआधी प्रत्येकीचा निदान एक फोटो असावा, खोल किती, पायऱ्या आहेत का, पाणी कोण भरायचं हे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच त्याला हवं होतं. पुढे त्यानं त्याची वेबसाइट करायचं ठरवलं. साइटचं नाव नोंदवताना मालकाचं नाव, पत्ता आणि फोन द्यावा लागतो, आणि तो नंतर कुणालाही बघता येतो. बघू द्यायचा नसेल तर झाकायची सोय तिथेच होती. एका चौकटीत टिचकी मारली की काम झालं. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. म्हटलं, "झाकून टाक की."

"का? आपण काय चोरीचा माल विकतोय?"

शाळेचं वार्षिक तोच काढायचा. शेवटच्या पानाच्या तळाशी, हा अंक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केला, अशी बारीक अक्षरातली ओळ असते. ती वाचायला कुणी जात नाही. तो मात्र ती तीनतीनदा तपासायचा. बाकी अंकात चूक राहिली तर हळहळायचा, त्या ओळीत राहिली तर जेवायचा नाही. वेबसाइट म्हणजे त्याच्या लेखी अंकच होता. "जो छापतो त्यानं पत्ता द्यायचा असतो," तो म्हणाला. "उद्या कुणी म्हणालं, माझ्या गावच्या विहिरीबद्दल चुकीचं लिहिलंस, तर त्यानं जायचं कुठं?"

म्हणून त्यानं पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या आमच्या इमारतीचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, सगळं भरलं. फोन मात्र आईचा दिला. वर्गात फोन वाजलेला त्याला खपत नसे, आणि आई दिवसभर घरीच असते, निरोप घेईल.

निरोप घ्यायचं काम सासूबाईंनी मनावर घेतलं. त्या मूळच्या उरणजवळच्या चिरनेरकडच्या, आणि बोलणं आजही तिकडचंच. तो घरी आला की सांगायच्या, "तुजा फोन आलता. पोरगी व्हती. तुजी साइट का काय ती बिघरलीय, बोलली."

"बिघडलेली नाही गं आई. ती बिघडवणार आहे."

मग एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, आणि दुपारी आम्ही दोघी त्याच्याशिवाय दवाखान्यातून परत आलो.

दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या घरी गेली. त्यानंतर पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा मी भांडी घासत होते. पलीकडे हिंदी बोलणारी कुणी मुलगी असावी. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तो घरान नाय. भायेर गेलाय."

मी नळ बंद केला.

"कवा येल? ते काय मना सांगून नाय गेला." मग थोडं थांबून, "तू कंच्या गावची गं?"

मला वाटलं, आजचा दिवस तसं म्हणतील. पण पुढचा फोन आला तेव्हाही तो बाहेर गेलेला होता, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. आम्ही एकमेकींशी त्याच्याबद्दल बोलतच नव्हतो. दूध आलं का, गॅस संपला, गोळी घेतली का, एवढ्यात आमचा दिवस भागायचा. फोनवरच्या माणसांशी मात्र त्या भरभरून बोलायच्या. तो लहानपणी विहिरीत कसा पडता पडता वाचला, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या कुणा विमा की जाहिरात विकणाऱ्याला सांगत असताना.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एका दुपारी तिथल्या कॉम्प्युटरवर, साइट कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारं एक पान उघडलं आणि आमच्या साइटचं नाव टाकलं. मालक: त्याचं नाव. खाली आमचा पत्ता, फ्लॅट नंबरपर्यंत. खाली सासूबाईंचा नंबर. मृत्यूचा दाखला हातात आल्यापासून सगळीकडून त्याचं नाव कमी करत आणलं होतं, रेशन कार्डावरून, बँकेतून. इथे तो जसाच्या तसा राहत होता. त्या दिवसापासून माझं लक्ष कशात लागेना. पुस्तकं परत घेताना मधेच ते पान उघडायची. रिक्षातून येताना मोबाइलवर बघायची. काय बदललेलं असणार होतं, कोण जाणे. आणि घरी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून ऐकत राहायची, कारण आता मला ठाऊक होतं की पलीकडच्या माणसापुढे आमचं दारही लिहिलेलं आहे.

दार शोधत एक जण आलाच.

मी संध्याकाळी घरी आले तर हॉलमध्ये, नवऱ्याच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बसला होता. मांडीवर बॅग, पुढ्यात चहा आणि खारी.

"ये बाय," सासूबाई म्हणाल्या. "हे त्याला भेटाया आलेत. मी बोलले, बसा, येल."

तो उठून उभा राहिला. "नमस्कार मॅडम. सरांची वाट बघतोय. साइटच्या नावाची मुदत संपत आलीय. नाव गेलं तर दुसरा कुणी उचलेल. सरांच्या ईमेलवर एक कोड येईल, तेवढा मिळाला की मी इथल्या इथे करून देतो."

त्यानं दिलेल्या कार्डावरची कंपनी मी कधी ऐकलेली नव्हती. नोंदणी आम्ही तिथे केलेलीच नव्हती. "पत्ता कुणी दिला?"

"नेटवर आहे ना मॅडम. सगळ्यांनाच दिसतो."

धमकी नव्हती त्यात. कुणी बसचं वेळापत्रक सांगावं तसं तो म्हणाला. मला दोनच शब्द बोलायचे होते, ते वारले, आणि तो गेला असता. पण सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ते आज येणार नाहीत," मी म्हटलं.

"मग उद्या येऊ?"

"उद्याही नको."

"मग सर भेटतात कधी?"

"तुम्ही निघा."

तो बावरला. सासूबाईंकडे वळून म्हणाला, "आजी, तुम्ही तर म्हणालात येतील."

"येल बोलले मी. कंदी, ते नाय बोलले."

तो अर्धा चहा ठेवून गेला. लबाड होता की नुसता विकणारा, ते मला अजून कळलेलं नाही. मी कडी लावली, आणि लावलेली आहे ना ते पुन्हा पाहिलं.

"आई, असं कुणालाही आत घ्यायचं नाही."

"कुनालाई कसा? पुरा नाव घेऊन आलेला. दारान आलेल्या मानसाला बसा नाय बोलायचा?"

"नाव त्यानं इंटरनेटवर वाचलं."

"वाचला त वाचला. पोरानं लिवला कशाला मंग, कुनी वाचू नये म्हनून?"

"तुम्ही दुपारभर एकट्या असता. त्यानं काही केलं असतं तर?"

"माजा काय नेल तो? गुडघं?"

"मी झाकून टाकणार आहे सगळं. नाव, पत्ता, फोन. मग हे लोक यायचे नाहीत. फोनही बंद होतील."

त्या त्या माणसाचा कप विसळत होत्या. बराच वेळ विसळत राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंग त्याला कोन इचारील?"

पुढचे काही दिवस मी नुसती घरात फिरत होते. मुदतीचं त्या माणसानं खोटं सांगितलं नव्हतं. ती खरंच जवळ आली होती. काहीच केलं नाही तर साइट जाणार, तिच्याबरोबर विहिरीही. नाव तसंच चालू ठेवावं तर असली माणसं घरी येत राहणार. झाकावं तर सासूबाईंचे ते फोन तोडल्यासारखं. आणि मनात नवऱ्याशी वाद चालूच: चूक दाखवणाऱ्यानं जायचं कुठं? पण त्या पत्त्यावर चूक दाखवायला आजवर एकही माणूस आला नव्हता. आले ते विकणारे.

शेवटी एका दुपारी, त्या झोपल्या असताना, त्याचा कॉम्प्युटर लावला. नोंदणीचं खातं, ईमेल, सगळं उघडंच होतं. पैसे भरून मुदत वाढवली, मालकाच्या जागी माझं नाव भरलं आणि झाकायच्या चौकटीत टिचकी मारली. साइटच्या तळाशी एक ओळ घातली: चुका असल्यास इथे कळवा, आणि कळवायला एक रकाना. लगेच त्याच्या ईमेलवर पत्र आलं. त्याच्याच नावानं, आदरानं, विचारत होते की हा बदल आपल्या संमतीनं होत आहे काय. मी किती वेळ त्या पत्रासमोर बसले. मग त्याच्या वतीनं 'होय' दाबलं.

तासाभरानं ते पान पुन्हा उघडलं. जिथे तो होता तिथे आता, माहिती गोपनीय, एवढंच. सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. मी गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गॅलरीत गेले.

फोन कमी झाले. सासूबाई मोबाइल उलटासुलटा करून बघायच्या, चार्जिंगला लावायच्या, काढायच्या. फोन पूर्ण बंद मात्र झाले नाहीत, कारण आधी ज्यांनी नंबर उतरवून घेतला होता त्यांच्याकडून तो कोण काढून घेणार?

एका रविवारी जेवणं होत होती तेव्हा फोन वाजला. त्यांनी हात पुसून उचलला, नुसता धरला, आणि माझ्यापुढे केला. "तू बोल. मना आता नाय बोलवत."

"सर आहेत का?"

"ते वारले," मी म्हटलं. सासूबाई ताटाकडे बघत होत्या.

पलीकडे थोडा वेळ नुसतीच कचेरीतली गडबड ऐकू आली. "सॉरी मॅडम." आणि मग, नोकरीच होती त्याची, "मग साइट आता कोण बघतं?"

"मी," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

"काय इचारला?"

"साइट कोण बघतं."

त्यांनी भात कालवला, घास मात्र घेतला नाही. "आमच्या गावची बाव टाकलीय का त्यानं? देवलामागची?"

बाव म्हणजे विहीर. मी उष्ट्या हातानंच उठले, डाव्या हातानं कॉम्प्युटर लावला आणि शोधलं. नव्हती. मी तसं सांगितलं.

"मंग चल," त्या म्हणाल्या. अन्न तसंच टाकून त्या उठल्या आणि दाराशी चपला शोधू लागल्या. "बुजवली नसली अजून, त मी दावतंय तुला."