नावाडीभाऊची काठी

सिरोंच्याच्या घाटावरचा नावाडीभाऊ कोणाला नावेत घेण्याआधी पाण्याच्या काठाशी काठी रोवतो आणि विडी संपेपर्यंत पाणी चढतं का ते बघत बसतो. तोवर कोणी घाई केलेली त्याला खपत नाही.

यंदा आम्ही गावातले त्यालाही घेऊन गाडी करून समुद्र पाहायला गेलो. तिथंही त्यानं वाळूत काठी रोवली. दुसरीच लाट ती घेऊन गेली. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

"हे तं जाऊन वापस येऊन राह्यलं," तो हळूच म्हणाला.

मग उठून जीवरक्षकाकडे गेला. "भाऊ, आमी कुठवर जाऊ?"

त्यानं दाखवलेल्या दोन झेंड्यांच्या मधात आम्ही घोटाभर पाण्यात उभे राहिलो. पायाखालून वाळू सरकली. नावाडीभाऊनं डोळे मिटले आणि माझ्यासमोर हात केला, नावेत चढताना आम्ही त्याच्यासमोर करतो तसा.