पाठीवरचे डोळे

कुमरे बाईंनी शिकवलं नसतं, तर मी जिवतीच्या डोंगरातच राहिलो असतो. बाई आता कुरखेड्याकडे मुलींचं वसतिगृह सांभाळतात. तिथे अंगणात वाघ येऊ लागला आणि मुली घरी परतू लागल्या. कुंपण झालं नाही तर वसतिगृह बंदच पडणार होतं. म्हणून मी शिकवतो त्या कॉलेजच्या मुलांनी निधीसाठी पदयात्रा ठरवली. प्रायोजक मिळवायला मी चंद्रपूरच्या एका कंपनीत गेलो.

तिथे बाकावर एक गावाकडचा माणूस बसला होता. वाघ पाठीमागून झडप घालतो, म्हणून जंगलात जाताना बांधतात तसा माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा त्या थंडगार खोलीतही त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बांधलेला होता.

"इथी कुठी वाघ, भाऊ?" मी हसून विचारलं.

"तेंदूपत्ता घेऊन येत होतो. मी पुढं, बायको मागं," तो म्हणाला. "आवाज बी नाई आला."

मग पदयात्रेसाठी मी नमुना म्हणून आणलेल्या टी-शर्टवर, पाठीवर छापलेल्या कंपनीच्या नावावर त्याने सावकाश बोट फिरवलं.

"मागून येते त्याले वाचता येत नाई. इथी डोळे काढा."

साहेबांना मी तेच सांगितलं. ते हसले नाहीत. नाव छातीवर घेऊन त्यांनी पाठीवरच्या डोळ्यांना मंजुरी दिली.

पदयात्रेनंतर मी बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, कुंपण होईल. मुलींना बोलवून घ्या. जंगलातल्या रस्त्याने मुलं पुढे होती, मी सगळ्यांच्या मागे, माझ्या साध्या इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या पाठीवरचे डोळे माझ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने वाटलं, माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघताहेत. मी वळलो नाही. तुम्ही शिकवलेले पाढे मोठ्याने म्हणत चालत राहिलो."