आतून तुटलेली तार

बाबा हमाली करायचे, आई शेतात निंदणाला जायची. तेव्हा गाडीला आमचा हात लागायचा तो ढकलण्यापुरता. घरातला पहिला पदवीधर मी, बी.एस्सी. झालेला. नोकरी लागल्यावर जुनी कार घेतली, तिच्यातूनच आईला डायलिसिससाठी वाशीमला नेतो. वळणावर स्टेअरिंग एकदम जड व्हायला लागलं, म्हणून कामरगावच्या मिस्त्रीकडे गेलो.

हा माणूस बोलताना गाडीकडे पाहतो, गिऱ्हाइकाकडे नाही. त्याने गाडीला जोडलेल्या तपासणीच्या मशीनने स्टेअरिंगचा सेन्सर खराब दाखवला.

"बदलून टाका," मी म्हणालो. "उद्या आईला न्यायचं आहे."

"मशीन घर दाखवते, चोर नाई. तू बी.एस्सी. ना? स्टेरिंग फिरव, हळू."

तो मीटर लावून दोन तास वाकून होता. मी सारखा घड्याळ पाहत होतो.

"घड्याळात तार सापडत नसते, बाप्पा!"

डावीकडे फिरवलं की मीटरचा आकडा पडायचा. सेन्सर चांगला होता. त्याची तार वरून धड, आतून तुटलेली. ती जोडून तो गाडीत आई बसते त्या जागेवर बसला.

"चल, वळणं घे. मले भेव वाटलं तं तुई माय कशी बसन?"

वीस वळणांनंतरच तो उतरला.

दुसऱ्या दिवशी आई वेळेवर वाशीमला पोचली.